शनीला दिलेला सदरा

१३ डिसेंबर १९९७, शनिवार. उजाडायच्या आत मी मागच्या अंगणात केळीची पानं पुसायला बसले होते. शनिवारी पानं जास्त लागतात. तिरुनळ्ळारच्या शनीला जाणारी माणसं कुंभकोणमला उतरतात आणि परतताना त्यांतली काही माझ्या मेसमध्ये जेवतात. पान ओल्या फडक्याने देठाकडून टोकाकडे पुसायचं, चिरलेलं बाजूला टाकायचं आणि टोकाचं पान पाहुण्यांसाठी वेगळं ठेवायचं. नवरा गेल्यापासून मी हेच करते आहे, त्यामुळे हात आपोआप चालतात आणि डोकं दुसरीकडे असलं तरी बिघडत नाही.

त्या दिवशी डोकं भावाकडे होतं. तो विहिरीपाशी दात घासत होता आणि त्याची बायको त्याच्याकडे न बघता घागर घासत होती. आदल्या रात्रीपासून दोघं बोलत नव्हती.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. विमानांच्या इंजिनांचं काम करतो. नुसता नटबोल्टांवर पाने फिरवणारा नव्हे. विमान तपासून ‘उडायला हरकत नाही’ अशी सही करण्याचा परवाना त्याच्याकडे होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो हे शिकायला मद्रासला गेला तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांना हसू आलं होतं. कुंभकोणमला विमानतळ नाही. विमान दिसतं ते मान वर केल्यावर, तेही कधीतरी. समोरचा तांब्या-पितळेचा दुकानदार रोज विचारायचा, “काय तंबी, वरच्या गाड्यांचं पंक्चर काढायला शिकलास का?” तंबी म्हणजे धाकटा भाऊ; इकडे सगळ्याच पोरांना म्हणतात. परीक्षा देत देत त्याची कित्येक वर्षं गेली. मग सरकारी कंपनीत लागला, लग्न झालं, दोन मुली झाल्या. नव्वदनंतर खाजगी विमान कंपन्या निघाल्या आणि त्यांतल्या एकीने त्याला दीडपट पगारावर उचलला. त्या वेळी सगळेच उड्या मारत होते.

चार वर्षांत त्या कंपनीचा फुगा बसला. विमानं भाड्याची होती. एकेक करून मालकांनी परत नेली. सत्त्याण्णवच्या ऑगस्टपासून पगार बंद. भावाने मद्रासचं घर सोडलं, बायको-मुलींना माझ्याकडे आणून सोडलं आणि स्वतः तिथल्या विमानतळाजवळ मीनंबाक्कमला एका मित्राच्या खोलीत पथारी टाकली. मुली इथल्या शाळेत जाऊ लागल्या. माझ्या मेसमध्ये तीन तोंडं जास्त झाली तर काही होत नाही, पण भावजय माझ्यापेक्षा आधी उठून सगळ्या भाज्या चिरून ठेवायला लागली, ते मला आवडत नव्हतं. माणूस उपकार फेडायला लागलं की घरातला मोकळेपणा जातो.

आणि आता त्रिचीच्या बस बांधणाऱ्या एका कारखान्याने भावाला बोलावलं होतं. फोरमनची जागा, वेळेवर पगार. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसऱ्याला घेणार. भांडण त्यावरून होतं.

“बसच्या पत्र्याला रिबिट मारायला मी परीक्षा दिल्या?” तो म्हणाला होता.

“मग विमानाला मारा. कुठे आहे विमान?” भावजय म्हणाली होती.

त्याचंही खोटं नव्हतं. विमानावर काम चालू नसलं की काही काळाने तो परवाना मरतो. पुन्हा जिवंत करायचा तर पुन्हा परीक्षा, पुन्हा उमेदवारी. चाळिशीकडे आलेल्या माणसाला ते कोण करू देतं? “अक्का, एकदा बसला हात लावला की संपलं,” तो मला म्हणाला. तो थांबला होता त्याचं आणखी एक कारण होतं, ते म्हणजे त्याचे साहेब. कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर. मुंबईचे, मराठी. भावाचं आडनाव ऐकून त्यांनीच पहिल्या भेटीत “अरे, तू आपला माणूस!” म्हणून खांद्यावर हात ठेवला होता. तंजावरच्या मराठी माणसाला असं कुणी म्हटलं की तो विरघळतो. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, असे आम्ही कितीतरी पिढ्या जगलो. महाराष्ट्रातल्या कुणी आपलं म्हणावं ही हौस रक्तात राहते. मला ती हौस नाही, पण भावाला आहे. याच साहेबांनी ऑक्टोबरात हँगरमध्ये सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, “आज वरपासून खालपर्यंत आपण सगळेच पोट आवळतो आहोत.” हे वाक्य भावाने मला इतक्या वेळा ऐकवलं की मला ते पाठ झालं.

मग कुण्या ज्योतिषाने साहेबांना सांगितलं की कंपनीला शनी लागला आहे, तिकडे तंजावर भागात नवग्रहांची देवळं आहेत, जाऊन या. साहेबांनी भावाला विचारलं, “तू तिकडचाच ना?” भाऊ दोन दिवस आधीच येऊन राहिला आणि ती दोघं नवरा-बायको शुक्रवारी संध्याकाळी आली, हॉटेलात उतरली आणि जेवायला माझ्याकडे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. जेवताना वाढणाऱ्या मुलीला नाव विचारणारा, पानात काही न टाकणारा. मी “जेवण जाहलं का?” असं विचारलं तेव्हा त्यांना उचकी लागेपर्यंत हसू आलं. “जाहलं! अगं ऐकलंस का? हे तर जुन्या बखरीतलं मराठी!” त्यांची बायको म्हणाली, “किती गोड बोलता हो ताई.” मी म्हटलं, “गोड तर पायसम आहे, आणखी घ्या.”

नऊ देवळं करायला त्यांना वेळ नव्हता. सूर्य आणि शनी, दोनच. बाकीचे सात पुढच्या खेपेला. सोबत बाईमाणूस असावं म्हणून त्यांच्या बायकोने मलाही चला म्हटलं. मी चिंचेचा भात आणि दहीभात बांधून घेतला, मेस भावजयीवर सोपवली आणि निघाले. भाड्याची अँबॅसडर. साहेब पुढे ड्रायव्हरजवळ. मागे खिडकीशी त्यांची बायको, मध्ये मी, दुसऱ्या खिडकीशी भाऊ.

सूर्याच्या देवळात, सूर्यनार्कोविलला, गर्दी नव्हती. पुजाऱ्याने रीतीप्रमाणे विचारलं, पूजा कुणाच्या नावाने? इकडे नाव, गोत्र आणि जन्मनक्षत्र सांगितल्याशिवाय अर्चना होत नाही. साहेबांनी कंपनीचं नाव सांगितलं. पुजाऱ्याने मान डोलावली आणि म्हणाला, “गोत्र?”

साहेबांनी भावाकडे बघितलं. भावाने पुजाऱ्याला तमिळमध्ये समजावलं की ही माणूस नाही, कंपनी आहे, विमानांची. पुजारी म्हणाला, “असेना. पण देवाला कळायला नको, कुणाचं भलं करायचं ते? कंपनीला गोत्र नसलं तर जो मुख्य असेल त्याचं सांगा.”

“मग माझंच घाला,” साहेब म्हणाले. स्वतःचं नाव, गोत्र, नक्षत्र सांगितलं, मग बायकोचं, मग अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाचं. पुजाऱ्याने तिन्ही नावं खणखणीत म्हटली, कापूर ओवाळला. भाऊ हात जोडून उभा होता. त्याचं नाव कुणी विचारलं नाही, त्याला त्याचं काही वाटलेलंही दिसलं नाही. मला वाटलं, पण देवळात कुठे बोलायचं?

तिथून तिरुनळ्ळारपर्यंत लांबचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना सांबा भाताची शेतं, कालव्यांना पाणी. साहेबांची बायको मोकळी होती, बोलत राहिली. मुंबईत नवं घर घेतलं, त्याला इटलीची फरशी बसवताहेत, गवंडी नीट काम करत नाहीत, असं सगळं. मी ऐकत होते. घर, फरशी, मुलाची अमेरिका हे सगळं मी त्या पोट आवळण्याच्या भाषणाशेजारी ठेवून बघत होते आणि ते जुळत नव्हतं. मला आडून विचारता येत नाही. मी पुढे वाकून म्हटलं, “साहेब, तुमचाही पगार ऑगस्टपासून थांबलाय का?”

भावाने कोपर मारलं. साहेब मागे वळून हसले. “ताई, तुम्ही फार थेट विचारता हं.”

“छे हो,” त्यांची बायकोच म्हणाली, “यांचा कसा थांबेल? उलट जुलैत वाढवून दिला. दुसरी कंपनी बोलवत होती ना, बोर्डाने सोडलंच नाही. यांना आणि वरच्या आणखी चौघांना. मी तर म्हणत होते, कशाला ही डोकेदुखी, जा तिकडे.”

“अगं, ते सगळं इथे कशाला,” साहेब म्हणाले. पण सांगून झालं होतं. मग ते मला समजावू लागले, शांतपणे, एखाद्या मास्तरासारखे. “ताई, वरून हे विचित्र दिसतं, मला कबूल आहे. पण कंपनी बुडायला लागली की अनुभवी माणूस जास्त लागतो. मी गेलो असतो तर बँकांनी दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावलं असतं. मग कुणाचाच पगार झाला नसता. चांगली माणसं टिकवायची तर किंमत द्यावी लागते.”

“आणि विमानं दुरुस्त करणारा गेला असता तर?”

“त्या जागेवर माणसं मिळतात हो,” ते म्हणाले, आणि लगेच, “म्हणजे याच्यासारखी नाही. हा आपला माणूस आहे. हा कुठे जातोय?”

ड्रायव्हरला मराठी कळत नव्हतं. त्या गाडीत तेवढाच एक सुखी जीव होता. कारैकालची हद्द आली की दारू स्वस्त मिळते म्हणून तो खुशीत शीळ घालत होता. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने काच खाली केली, एवढंच. साहेबांच्या बायकोने विचारलं, ते पितळेचे उंच दिवे कुठे मिळतात? मी म्हटलं, नाचियार्कोविलला, परतताना वाटेवरच आहे.

तिरुनळ्ळारला शनिवारची गर्दी होती. तिथला रिवाज असा: तीर्थाच्या तळ्यावर अंगाला तिळाचं तेल लावायचं, अंगातल्या कपड्यांनिशी डुबकी मारायची, ते कपडे तिथेच सोडायचे आणि मागे न बघता निघायचं. कपड्यांबरोबर शनी सुटतो. तीर्थाच्या पायऱ्यांवर ओल्या लुंग्या, परकर, बनियन यांचे ढीग पडलेले असतात. ते ठेकेदाराची माणसं उचलतात, असं म्हणतात. पुढे कुठे जातात ते विचारू नये.

साहेबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी रेशमी काठाचं सोवळं आणि वर नवा करकरीत सदरा घातला होता. त्यांच्या बायकोला वाटलं दुकानातून एक स्वस्तातला सदरा घ्यावा. तसे विकायला बसलेलेच असतात. पण तेल विकणारी म्हातारी म्हणाली, “नवा नाही चालत अम्मा, वापरलेला पाहिजे. घाम लागलेला.” भावाने त्याचं मराठी केलं.

साहेबांनी इकडे-तिकडे बघितलं. मग भावाला म्हणाले, “तुझ्याकडे असेल का रे एखादा?”

घाम ज्याचा त्याचा लागतो. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. दुसऱ्याच्या सदऱ्यात बुडी मारून आपला शनी सुटत नाही. सुटला तर त्याचा सुटेल, नाही तर आपला त्याच्या गळ्यात पडेल. मी तोंड उघडणार होते. पण भाऊ तोवर बटणं काढत होता. निळा सदरा, कामावरचा, कितीतरी धुण्यांनी पांढुरका झालेला. काखेत मीच परवा टाका घातला होता. त्याने तो काढून साहेबांच्या हातात दिला. इकडे देवळात पुरुष उघडेच जातात, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. साहेब म्हणाले, “थँक्स हं,” आणि पायऱ्या उतरले. सदरा त्यांना पोटावर आखूड झाला. शेवटचं बटण लागेना, तशीच बुडी मारली.

आम्ही वरच्या पायरीवर उभे होतो. मी हळूच म्हटलं, “तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“मग दिलास कशाला?”

“त्यांनी मागितला,” तो म्हणाला. मग म्हणाला, “सदरा कुणाचा ते शनीला माहीत असेल अक्का. एवढा मोठा हिशेब ठेवतो.”

साहेब ओले वर आले, सदरा पायरीवर टाकला आणि रिवाजाप्रमाणे मागे न बघता चालू लागले. “खरंच हलकं वाटतंय,” ते बायकोला म्हणाले. भाऊ मात्र थांबला. वळून त्याने त्या ढिगाकडे बघितलं. मी त्याला ओढलं नाही. रिवाज बुडी मारणाऱ्याला. याने मारली नव्हती.

परतताना नाचियार्कोविलला मोराचा दिवा घेतला, पाच तुकड्यांचा, फिरकीने जोडायचा. गाडीच्या डिकीत तो मावेना म्हणून त्याचा खांब माझ्या मांडीवर आला. मेसवर जेवायला उशीर झाला, तरी साहेब पोटभर जेवले. निघताना भावाला बाजूला घेऊन म्हणाले, “मार्चपर्यंत कळ काढ. मी आहे ना. तुझ्यासारख्यांना मी विसरणार नाही.” भाऊ म्हणाला, “बरं, सर.” गाडी गेली.

ती कंपनी दुसऱ्या वर्षी बंद पडली. साहेब त्याआधीच दुसऱ्या एका कंपनीत गेले होते, आणखी मोठ्या पगारावर. भावाला हे मीनंबाक्कमच्या मित्राने सांगितलं. हँगरमधल्यांचं पुढे काय झालं ते मला एकेकाचं ठाऊक नाही. पण हे नंतरचं.

त्या संध्याकाळी भाऊ खांद्यावर पंचा टाकून ओट्यावर बसला. मुली शेजारी अभ्यासाची पुस्तकं घेऊन बसल्या होत्या आणि बापाच्या पाठीला टेकत होत्या. भावजय पेलाभर कॉफी घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

“साहेब काय म्हणाले?” तिने विचारलं. आदल्या रात्रीपासूनचा पहिला शब्द.

“मार्चपर्यंत थांब म्हणाले.”

“आणि तुम्ही?”

“बरं म्हणालो.”

ती आत जायला वळली. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण पाठ दिसली. तेवढ्यात तो म्हणाला, “उद्या त्रिचीला घर बघायला हवं. मंगळवारी मार्गळी लागतो.”

मार्गळी महिन्यात इकडे कुणी नव्या घरात पाऊल टाकत नाही, नवं काही सुरू करत नाही. एकदा लागला की थेट पोंगलपर्यंत, संक्रांतीपर्यंत थांबायचं. म्हणजे रविवारी घर मिळून तिथे गृहप्रवेशाचं दूध उकळलं तरच. भावजय वळली. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती त्याच्याजवळ पायरीवर बसली आणि पदराने नाक पुसत राहिली. जिंकल्यावर माणूस असं का करतं? पण तिलाही ठाऊक होतं तो काय सोडतो आहे ते. तिचं लग्न विमानवाल्याशी झालं होतं.

“साहेबांना का नाही सांगितलंस तोंडावर?” मी विचारलं.

“काय सांगायचं? ते म्हणाले ना, माणसं मिळतात.” त्याने कॉफी संपवली. मग आत गेला, पिशवीतून परवान्याचं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. “हे तुझ्या ट्रंकेत राहू दे. माझ्याजवळ नको.”

मी ते रेशमी साड्यांच्या खाली ठेवलं. डांबराच्या गोळ्या असतात, वाळवी लागत नाही.

“तू एकटा गेलास तर कसलंही घर घेऊन येशील,” मी म्हटलं. “मी येते.” त्याने नको म्हटलं नाही. थकला होता. मीही थकले होते, पण दोघांत मला घरं कळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने आम्ही त्रिचीला गेलो. मी पिशवीत छोटा रॉकेलचा स्टोव्ह, पातेलं आणि फिरकीच्या तांब्यात दूध घेतलं होतं. पहिलं घर अंधारं होतं. दुसऱ्याचा जिना इतका अरुंद की कपाट वर गेलं नसतं. तिसरं कारखान्याच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या, नळ दारात. मी नळ सोडून बघितला, छताला ओल आहे का बघितलं, शेजारच्या बाईला विचारलं डास किती. मग हेच, म्हटलं. पूर्वेच्या भिंतीशी स्टोव्ह मांडला आणि दूध ठेवलं.

घरमालकीण दारात उभी होती. तमिळ ब्राह्मण विधवा, चौकस. तिने मला विचारलं, “तंबीला काम काय?”

मी भावाकडे बघितलं. ते सांगायचं काम त्याचं होतं. तो खिडकीची कडी लावून बघत होता. ती गंजली होती. त्याने ती दोनदा हलवली आणि न वळता म्हणाला, “बस बांधतो.”

“बरं काम,” ती म्हणाली. “बसला मरण नाही.”

दूध चढलं, काठावरून स्टोव्हवर उतू गेलं. शुभ म्हणून ते जाऊ द्यायचं असतं. मी स्टोव्ह विझवला, वाटीभर दूध तिला दिलं आणि फरशी पुसायला फडकं मागितलं.